हा म्हणे बायकांचा विषय!

प्रजनन आरोग्यावर चार जाणती माणसं बोलायला बसली की अर्ध्या तासात एक वाक्य हमखास पडतं: पुरुषांना यात कशाला ओढता? बोलणारा सनातनीच असतो असं नाही. जिल्हा परिषदेत केस पिकलेला अधिकारी हे म्हणतो. पालकसभेतली शिकलेली आई म्हणते. साप्ताहिकात पुरोगामी सदर लिहिणारा प्राध्यापक म्हणतो आणि, हे मला जास्त टोचतं, आयुष्य स्त्रियांच्या चळवळीत घातलेली कार्यकर्तीही म्हणते. कारणं प्रत्येकाची वेगळी. अधिकाऱ्याचं म्हणणं, पुरुष येत नाहीत, आले तरी ऐकत नाहीत. आईचं म्हणणं, आत्ताच पोराच्या डोक्यात कशाला भरवायचं, वेळ आली की कळतं आपोआप. प्राध्यापकाला वाटतं, आपल्या समाजाला हे पचायचं नाही. कार्यकर्ती विचारते, बाईच्या शरीराचा निर्णय बाईचा, मग तिथं नवऱ्याला बोलावून त्याच्या हातात आणखी एक काठी कशाला द्यायची? एरवी या चौघांचं कशावरही पटायचं नाही. इथं मात्र कसं दृष्ट लागण्यासारखं एकमत!

या एकमताची किंमत कोण मोजतं, ते बघायला कुटुंबनियोजनाच्या शिबिराच्या दिवशी कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. मी मराठवाड्यातल्या एका केंद्रात गेलो होतो. खाटा पुरल्या नव्हत्या, म्हणून व्हरांड्यात सतरंज्या टाकून बायका ओळीनं निजवल्या होत्या. कुणाची आई उशाशी बसून पदरानं वारा घालत होती. एक दीड वर्षाचं पोर आईच्या अंगावर चढायला बघत होतं आणि सिस्टर लांबूनच ओरडत होती, 'अहो, घ्या त्याला तिकडं, टाके आहेत पोटाला!' बाहेर लिंबाखाली नवरेमंडळी मोटारसायकलींना रेलून मोबाइलवर क्रिकेट बघत होती. त्यातल्या एकाला विचारलं, तुम्ही का नाही करून घेतलं? तो शेजारच्याकडं बघून हसला. 'आम्हाला कामं असतात ना, साहेब.' आत निजलेली त्याची बायको काही दिवसांनी कापूस वेचायला जाणार होती, त्याच्याच रानात. बिनटाक्याची नसबंदी कशी करतात, माहीत आहे का? नाही. कुणी सांगितलं नाही? 'आशाताई येतात की घरी. पण त्या हिच्याशी बोलतात.' वय विचारलं, तर सव्वीस.

आता मोठे आकडे बघू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची नसबंदी झाली आहे असं सांगणाऱ्या ०.३ टक्के. महाराष्ट्र तर स्वतःला पुढारलेला म्हणवतो! इथं जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे आणि नवरे अर्धा टक्काही भरत नाहीत. बाईच्या ऑपरेशनला पोट उघडावं लागतं, नाहीतर दुर्बीण आत घालावी लागते. पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीत तेवढीच जागा बधिर करतात, अंडकोशाच्या कातडीला बारीक छिद्र पाडून वीर्यवाहिनी कापून बांधतात, आणि वीसएक मिनिटांत माणूस मोकळा. त्याच दिवशी चालत घरी. लि शुनकियांग या चिनी डॉक्टरांनी ही पद्धत काढली ती १९७४ मध्ये. पन्नास वर्षं झाली. अवघड ऑपरेशन बाईचं, सोपं ऑपरेशन पुरुषाचं, आणि टेबलावर मात्र कायम बाई. यातलं शहाणपण मला कुणीतरी समजावून सांगावं.

अधिकारी लगेच म्हणतील, हेच तर आम्ही सांगतोय, पुरुष तयारच होत नाहीत. सरकार नसबंदीसाठी पुरुषाला बाईपेक्षा जास्त मोबदला देतं, तरी येत नाहीत. बरं. मग १९७१ च्या जुलैत केरळातल्या एर्नाकुलममध्ये एका महिन्यात साठ हजारांवर पुरुषांनी नसबंदी करून घेतली, ते कुठून आले होते? पैसे आणि भेटवस्तू तिथंही होत्या, ते लपवण्यात अर्थ नाही. पण बंदूक नव्हती, पोलीस नव्हते. होती ती जय्यत तयारी: गावोगाव निरोप, जायच्यायायच्या गाडीची सोय, पुरेसे डॉक्टर. त्या काळी नसबंदी म्हटलं की डोळ्यांपुढं पुरुषच यायचा.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातले ६० लाखांवर पुरुष. धरपकड, रेशनकार्डाची धमकी, मास्तरांना कोटा. आपला महाराष्ट्र त्यातही आघाडीवर: सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं विधिमंडळ आपलंच. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा व्हायचा राहिला. पुढं सरकार पडलं आणि सगळ्या पक्षांनी एक धडा घेतला. सक्ती वाईट, हा धडा घेतला असता तर बरं झालं असतं. त्यांनी घेतलेला धडा असा, की पुरुषाच्या वाटेला जाऊ नये, तो मत देताना लक्षात ठेवतो. कोटे तसेच राहिले, फक्त शिबिराच्या टेबलावरचं माणूस बदललं. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ एका सर्जननं काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली आणि त्या शिबिरातल्या डझनाहून अधिक बायका दगावल्या. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरं बंद करा म्हणून सांगावं लागलं. पुरुषांवर झालेल्या जबरदस्तीचं परिमार्जन आपण असं केलं!

आणि लिंबाखालचा तो सव्वीस वर्षांचा मुलगा? आणीबाणी संपल्यावर वीसेक वर्षांनी तो जन्मला. त्याला ना धरपकड आठवते, ना रेशनकार्डाची धमकी. त्याच्या मनात 'ताकद जाते', 'ओझं उचलवत नाही' असलं जे काही आहे ते आठवणीतून आलेलं नाही. कुणी खरं सांगितलं नाही म्हणून ती जागा रिकामी होती, ती पारावरच्या गप्पांनी भरली. त्याला 'तयार नाही' म्हणणं म्हणजे पत्रिकाच न देता पाहुणा लग्नाला आला नाही म्हणून रुसणं.

२०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला एक आकडा उठताबसता फेकला जातो: गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे, पुरुषानं त्याची काळजी करू नये, हे ३५ टक्के पुरुषांनी मान्य केलं. बघा, पुरुषांची मानसिकता! अहो, पण बाकीचे? जवळपास दोन तृतीयांश पुरुषांनी त्या वाक्याला मान डोलावलेली नाही. म्हणजे या बाबतीत गावातला सरासरी पुरुष आपल्या बैठकीतल्या चौघांपेक्षा पुढं आहे. त्याच्यापर्यंत जाण्याचे कष्ट ज्यांना नकोत, त्यांनी त्याच्या मानसिकतेवर व्याख्यानं देऊ नयेत.

जे गेले त्यांना काय दिसलं, तेही सांगतो. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १८ ते ३० वयाच्या नवऱ्यांसाठी 'चार्म' नावाचा एक प्रयोग झाला. हजारावर जोडपी त्यात होती. गावातल्याच पुरुष डॉक्टरांनी या तरुण नवऱ्यांशी बसून बोलायचं, बायकोला वागवण्याबद्दल आणि गर्भनिरोधनाबद्दल. शेवटी बायकोलाही सोबत घ्यायचं. एवढंच. ज्या गावांत हे झालं तिथं नवराबायको या विषयावर जास्त बोलू लागले, साधनांचा वापर वाढला, आणि दीड वर्षानं बघितलं तर बायकांवरची लैंगिक जबरदस्तीही इतर गावांपेक्षा कमी सांगितली गेली. हे सगळं डहाणू-पालघरच्या पट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर घडलं, स्वीडनमध्ये नव्हे. पुढं जुन्नर तालुक्यात त्याचीच सुधारलेली आवृत्ती झाली. पुरुष येत नाहीत म्हणणाऱ्यांनी एकदा जुन्नरला जाऊन यावं, निदान वाटेत शिवनेरी तरी बघून होईल.

आता आईचं 'आपोआप कळतं'. कळतं ना, नक्की कळतं! कुठून कळतं ते एसटी स्टँडच्या मुतारीत जाऊन वाचावं. भिंतभर जाहिराती असतात: कमजोरी, स्वप्नदोष, धात जाणे, लहानपणच्या चुका, खात्रीशीर इलाज, भेटा किंवा फोन करा. हायवेच्या कडेला तंबू ठोकून जडीबुटीच्या बाटल्या मांडून बसलेला वैद्य बघावा. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला झोपेत वीर्य गेलं की त्याला वाटतं आपण संपलो. धात जाते म्हणून अंगातली ताकद जाते, ही भीती आपल्याकडं इतकी खोल आहे की डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये तिला मनोविकारशास्त्रात स्वतंत्र नाव दिलं. घरात विचारायची सोय नाही, शाळेत तो धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून देतात. मग तो तंबूत शिरतो आणि खिशातले होते नव्हते ते पैसे देऊन बाटली घेऊन बाहेर पडतो. हल्ली तंबूच्या जोडीला मोबाइल आला आहे. त्यात बाई कधी नाही म्हणत नाही, कुणी निरोध वापरत नाही आणि प्रत्येक पुरुष बैलासारखा. 'वेळ आली की कळतं' म्हणणाऱ्या आईला एवढंच सांगायचं की तिच्या मुलाचा वर्ग सुरू होऊन बरेच दिवस झाले. मास्तर कोण नेमायचा, एवढाच प्रश्न होता, आणि तो तिनं तंबूवाल्यावर सोडला.

हा विषय आपल्याला नवा आहे असंही नाही. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ मध्ये. १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं आणि वाचकांच्या प्रश्नांना आडपडदा न ठेवता उत्तरं दिली. हस्तमैथुनानं नुकसान होतं का, हे विचारणारी माणसं तेव्हाही होती. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला; कर्व्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आणि खटला हरले. नव्वद वर्षांपूर्वीचा तो वाचक आज पुन्हा जन्माला आला तर त्याचा प्रश्न तोच असेल. फरक इतकाच की उत्तर देणारा कर्वे नसेल आणि मुतारीतला फोन नंबर असेल.

'शिकवलं तर पोरं बिघडतील' यावर खरं तर दोन ओळींपेक्षा जास्त शाई घालवू नये. २००७ मध्ये या धास्तीपायी महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांतला किशोरशिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनंही शाळांत लैंगिक शिक्षण नको असाच सूर लावला. म्हणजे मुलांना न शिकवण्याचा प्रयोग आपण मोठ्या प्रमाणावर करून बघितलेला आहे. निकाल समोर आहे. त्यानं पोरं सुधारली, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? उलट जगभरचे अभ्यास तपासून युनेस्कोनं सांगितलं की असं शिक्षण मिळाल्यानं मुलं लवकर शरीरसंबंधांकडं वळत नाहीत. आणि ज्यांना परदेशी दाखला नको त्यांनी गडचिरोलीला जावं. डॉ. राणी बंग 'तारुण्यभान'च्या शिबिरांत मुलामुलींना एकत्र बसवून हे सगळं मराठीत, स्वच्छ शब्दांत सांगत आल्या आहेत. गडचिरोली बुडाल्याची बातमी अजून तरी आलेली नाही.

प्राध्यापकमहाशयांचं 'समाजाला पचणार नाही' हे तर मला नेहमीच गमतीचं वाटत आलं आहे. समाजाच्या पोटाची एवढी काळजी करणारे गृहस्थ समाजात फारसे हिंडलेले नसतात. आफ्रिकेतला नायजर हा देश घ्या. जगातला सगळ्यात जास्त जननदर असलेल्या देशांपैकी एक, मुस्लिमबहुल, बहुतांश खेड्यांत राहणारा, दारिद्र्य म्हणाल तर आपल्याहून कितीतरी जास्त. तिथं झिंदर भागात विवाहित पुरुषांच्या 'पतींच्या शाळा' सुरू झाल्या. बायकोला दवाखान्यात बाळंतपणासाठी का नेत नाही, दोन पोरांत अंतर का ठेवत नाही, यावर गावातले नवरे आपापसात बोलू लागले. ब्राझीलमध्ये तरुण मुलांसाठी घडलेला कार्यक्रम मुंबईच्या वस्त्यांत 'यारी दोस्ती' या नावानं आला आणि नाक्यावरच्या पोरांनी तो केला. झिंदरला पचलं, मुंबईच्या झोपडपट्टीला पचलं. अडलंय ते फक्त प्राध्यापकांच्या घशात.

राहता राहिली कार्यकर्तीची हरकत. इतर तिघांची मी थट्टा केली, हिची करणार नाही, कारण तिनं डोळ्यांनी बघितलेलं खोटं नाही. नवऱ्याला 'सहभागी' करून घ्यायचं म्हणून दवाखान्यात त्याला खुर्ची दिली आणि बाई उभीच राहिली, असे कार्यक्रम होऊन गेले आहेत. बायकांच्या निधीतला रुपया पुरुषांकडं वळवायचा नाही, एवढं आधीच मान्य. पण तिच्या युक्तिवादात एक गृहीत धरलेलं आहे: पुरुषाला बोलावलं नाही, तर तो बाहेर राहील. तो बाहेर आहे कुठं? गर्भपाताच्या कायद्याला सज्ञान स्त्रीची फक्त तिची स्वतःची संमती लागते, तरी कितीतरी दवाखाने 'नवऱ्याची सही आणा' म्हणून तिला परत पाठवतात, आणि ती सही कायद्यानं लागत नाही हे ना तिला माहीत असतं ना त्याला. तांबी बसवायची की नाही, मुलगा होईपर्यंत थांबायचं की नाही, रात्री नाही म्हणायचं की नाही, या प्रत्येक ठिकाणी तो आहेच. न बोलावता आहे, काही न शिकता आहे. त्याला न शिकवता तिचा अधिकार वाढतो, हे गणित मला आजवर कुणी सोडवून दाखवलेलं नाही. १९९४ च्या कैरो परिषदेत पुरुषांच्या जबाबदारीचा मुद्दा कृतिकार्यक्रमात घेतला गेला, तेव्हाही भाषा त्याच्या अधिकाराची नव्हती, जबाबदारीची होती.

बीडचं उदाहरण घ्या. ऊसतोडीला नवराबायको जोडीनं मिळून एक कोयता धरतात. उचल दोघांची, खाडा झाला तर दंड दोघांना. २०१९ मध्ये तिथल्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली सापडली. खाड्याची भीती, फडात संडास नाही, पाणी नाही, वर डॉक्टरांचा हव्यास, ही कारणं बोलली गेली आणि ती खरीच आहेत. पण बाई दवाखान्यात येते ती बरेचदा अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं म्हणून. असा प्रत्येक त्रास संसर्गाचा नसतो आणि प्रत्येक संसर्ग नवऱ्याकडूनही येत नाही. जो येतो त्यावर मात्र दोघांनी औषध घेतल्याशिवाय तो थांबत नाही. जोडीदाराचाही उपचार करा, हे सरकारच्याच मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात गोळ्या तिला, पुन्हा संसर्ग, पुन्हा गोळ्या, आणि एक दिवस डॉक्टर म्हणतो, काढून टाकू, कटकट मिटेल. मुकादमाच्या हिशेबात जोडी एक असते. डॉक्टरच्या टेबलापाशी आली की ती फुटते, आणि नवरा बाहेर चहाच्या गाड्यावर. गडचिरोलीतल्या दोन गावांच्या अभ्यासात डॉ. बंग यांना ९२ टक्के बायकांत स्त्रीरोग आढळले, तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्याच घरांतल्या पुरुषांना त्यानंतर आपण काय विचारलं?

मूल होत नसेल तर हाच खेळ उलट्या बाजूनं. जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण पूर्णपणे किंवा काही अंशी पुरुषाकडं असतं. वीर्यतपासणी स्वस्त आणि बिनदुखीची. तरी आधी बाईची सोनोग्राफी, बाईच्या नळ्यांची तपासणी, बाईचे उपासतापास, आणि दुसरं लग्न त्याचं.

मग करायचं काय? आशाताई तीन निरोधांचं पाकीट एक रुपयाला घरपोच देते, कागदावर योजना उत्तम आहे. पण आशा ही नियमानंच बाई, आणि गावातलीच. ज्या मुलानं तिला जन्मभर काकू किंवा वहिनी म्हटलं, त्यानं तिच्याकडं निरोध मागायचा तरी कसा? आरोग्य सेवक पुरुष असतो. तो हिवतापाचे रक्तनमुने घेतो, विहिरीत टीसीएलची जंतुनाशक पावडर टाकतो. विशी-पंचविशीच्या पोरांशी बोलणं हे आपलं काम आहे असं त्याला कुणी सांगितलेलं नाही. ते त्याला सांगा, त्यासाठी शिकवा, आणि त्याच्या कामाच्या अहवालात मोजा. लग्न ठरलेल्या मुलाला नसबंदीची घाई नसते. त्याला निरोध, दोन मुलांतलं अंतर, बायकोचं नाही म्हणणं, आणि धात जाण्यात काही वावगं नाही, एवढं कळलं तरी तंबूवाल्याचा धंदा बसेल.

आणि शिबिराच्या यादीत प्रत्येक बाईच्या नावापुढं 'पतीचे नाव' असा रकाना असतो. त्या रकान्यातल्या माणसाला शिबिराच्या आधी एकदा समोर बसवा. बिनटाक्याची नसबंदी म्हणजे काय, ती झाल्यावर तीन महिने दुसरं साधन का वापरायचं, ताकद का जात नाही, हे नीट सांगा. जबरदस्ती नको, कोटा तर मुळीच नको. एवढं करूनही तो नाही म्हणाला, तर तारीख टाकून लिहून घ्या: समजावले, नकार दिला. आज त्याला नकार देण्याचीही तसदी घ्यावी लागत नाही, कारण त्याला कुणी विचारतच नाही. किती जणांना विचारलं आणि किती नाही म्हणाले, हे दोन आकडे एकदा टेबलावर येऊ द्या. पुरुष येत नाहीत की नाही, यावर मग बोलू.